रक्ताची ठेव

आमच्या घरात ‘रक्त’ हा शब्द इतर घरांपेक्षा अंमळ अधिक वेळा उच्चारला जातो. माझा भाचा ओंकार आठ वर्षांचा आहे. तो सहा महिन्यांचा असताना त्याचा चेहरा पांढराफटक पडू लागला. दृष्ट काढून झाली, टॉनिके झाली, आणि अखेर पुण्याच्या डॉक्टरांनी ‘थॅलेसेमिया’ हे नाव सांगितले. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी त्याला जिल्ह्याच्या गावी नेऊन रक्त चढवावे लागते. कोणा अनोळखी माणसाचे रक्त दोन-तीन आठवडे त्याच्या अंगात काम करते, गालांवर रंग येतो, पोर क्रिकेट खेळायला पळते, आणि मग दिव्यातले तेल सरत यावे तसे ते पुन्हा मंद होत जाते. दिनदर्शिकेवर लोक एकादश्या आणि संकष्ट्या पाहतात. आम्ही ओंकारच्या तारखा पाहतो.

गेल्या वर्षी श्रावणात त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण शालू, दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. येणाऱ्या मुलाला हा रोग नाही हे अकराव्या आठवड्यातच, वारेचा कण तपासून, समजले होते. त्यामुळे घर जरा निश्चिंत होते. अशात एका दुपारी एक हसतमुख तरुण दारात उभा राहिला. गळ्यात टाय, हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. ज्या प्रसूतिगृहात शालूचे नाव घातले होते तेथूनच त्याला आमचा पत्ता मिळाला असावा.

“ताई, बाळाची नाळ शेवटी टाकूनच देतात ना?” तो म्हणाला, “त्यातले रक्त आमच्याकडे ठेवा. एकवीस वर्षे सांभाळू. उद्या बाळाला रक्ताचा काही आजार झाला, तर औषध घरचेच! बाळाच्या आयुष्याचा विमाच समजा. हप्त्याहप्त्यानेही देता येतात पैसे.”

शालूने सगळे ऐकून घेतले, आणि ओसरीवर गृहपाठ करीत बसलेल्या ओंकारकडे बोट दाखवून विचारले, “आणि याला उपयोग होईल का?”

पुस्तिकेत या प्रश्नाचे उत्तर नसावे. तो तरुण जरा गडबडला. “ते डॉक्टरांना विचारावे लागेल,” म्हणाला, आणि चहा न घेताच उठला.

त्या रात्री शालू मला म्हणाली, “दादा, कादंबरीसाठी तू कुठली कुठली माहिती काढत हिंडतोस. एवढे एक बघशील?”

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो. शास्त्राचा तास दुसऱ्याचा. परंतु जुन्या वैद्यकीय नियतकालिकांतले लेख आता घरबसल्या वाचायला मिळतात, आणि शब्दकोश हाताशी असला की वाट सापडते. शिवाय आमच्या मास्तरकीचा एक खोडसाळ नियम असा, की कोणतीही वस्तू विकावयास आली की आधी तिचा इतिहास विचारावा. तो इतिहास काढता काढता मी असा काही रमलो, की शालूचा प्रश्न मधूनमधून विसरलो, हे कबूल केले पाहिजे.

आपले रक्त आपल्यालाच परत द्यावे ही कल्पना मला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळच जुनी निघाली. १८७४ साली हायमोर नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने लिहिले की, बाळंतिणीच्या अंगातून वाहून जाणारे रक्तच गोळा करून तिला पुन्हा द्यावे. त्यानंतर बारा वर्षांनी एडिंबरोच्या जॉन डंकन यांनी एक अपघाती रोग्याचा पाय कापताना सांडलेले रक्त पात्रात धरून त्याच्याच शिरेत परत सोडल्याचे प्रसिद्ध केले. रक्तगट ही चीज अस्तित्वात आहे हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. ते लँडस्टायनर यांनी दाखवले विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. म्हणजे त्या काळी दुसऱ्याचे रक्त घेणे हा निव्वळ जुगार होता, आणि अंधारात चाचपडताना डंकनसाहेबांचा हात नेमका सुरक्षित रक्तावर पडला होता.

पण हे झाले परत देणे. साठवणे ही गोष्ट वेगळी. रक्त अंगाबाहेर आले की पाच-दहा मिनिटांत गोठते, साठवावयाचे काय? १९१४ साली बेल्जियममध्ये हुस्टिन आणि अर्जेंटिनात आगोते यांनी, एकमेकांची खबर नसताना, रक्तात सोडियम सायट्रेट मिसळून पाहिले. रक्त गोठेना. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लेविसोन यांनी त्याचे निर्धोक प्रमाण ठरवून दिले. त्यात थोडी साखर घातली आणि थंडाव्यात ठेवले तर तांबड्या पेशी काही आठवडे तग धरतात, हे राउस आणि टर्नर यांनी सशांच्या रक्तावर १९१६ साली सिद्ध केले. शोध प्रयोगशाळेत लागतात, पण त्यांना घाई लावते ती लढाई. राउस यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेला ऑस्वाल्ड रॉबर्टसन हा अमेरिकन डॉक्टर १९१७ साली फ्रान्सच्या आघाडीवर गेला. कांब्रेच्या लढाईत त्याने काय करावे? दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या घेतल्या, त्यांत बर्फ आणि लाकडाचा भुसा भरला, आणि आगाऊ काढून ठेवलेल्या रक्ताच्या बाटल्या त्यांत रचून जखमींच्या जवळ नेल्या. जगातली पहिली रक्तपेढी म्हणतात ती ही. तोफेचे गोळे ज्या पेटीतून आले, त्याच पेटीतून जखमीसाठी रक्त आले. कादंबरीत मी हे लिहिले असते तर संपादकांनी ‘योगायोग फार’ असा शेरा मारला असता.

पुढे स्पेनच्या यादवीत, १९३६ साली, बार्सिलोनात दुरान-जोर्दा आणि माद्रिदकडे कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून यांनी साठवलेले रक्त मोटारीत घालून आघाडीपर्यंत पोहोचवले. हे बेथ्यून पुढे चीनला गेले आणि १९३९ साली तेथेच वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणजे आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे कोटणीस आपल्या ओळखीचे. पण ज्याच्या गादीवर ते बसले तो माणूस रक्ताच्या बाटल्या घेऊन गोळीबारात हिंडलेला होता, हे मला या वाचनातच कळले.

‘रक्ताची बँक’ हा शब्दप्रयोग मात्र लढाईतला नव्हे. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवण्याची सोय केली. आधी तिचे नाव चांगले लांबलचक आणि शास्त्रीय ठेवले होते, मग त्यांना ‘बँक’ सुचले. ठेवावे, आणि गरज लागली की काढावे. नाव जगभर रुळले. पण मास्तरांच्या नजरेला एक चूक दिसतेच. बँकेतली ठेव वाढते. ही ठेव पहिल्या दिवसापासून घटत जाते. १९४३ साली लौटिट आणि मॉलिसन यांनी बनवलेल्या द्रावणात रक्त एकवीस दिवस टिके. ओंकारच्या एकवीस दिवसांशी याचा काडीचाही संबंध नाही, तरी तो आकडा वाचून मी दचकलो. आज सुधारलेली द्रावणे वापरून ही मुदत पस्तीस, फार तर बेचाळीस दिवसांवर गेली आहे. म्हणजे आपले रक्त ‘भविष्यासाठी’ ठेवावयाचे तर ते भविष्य दीड महिन्याच्या आतले हवे!

हा दीड महिन्याचा कोट फोडला तो एका कोंबड्याने, आणि एका चुकीच्या चिठ्ठीने.

लंडनजवळ मिल हिल येथे वैद्यकीय संशोधनाची एक मोठी राष्ट्रीय संस्था होती. तेथे ख्रिस पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अॅलन पार्क्स हे तिघे कोंबड्याचे वीर्य गोठवून टिकवण्याच्या खटपटीत होते. फळांतली साखर घातली तर पेशी गोठण्यातून वाचतील असा तर्क होता. पोल्जने प्रयोग केले, साफ फसले. उरलेले द्रावण थंडघरात टाकून दिले. काही महिन्यांनी त्याच बाटलीतले द्रावण घेऊन पुन्हा पाहिले, तो गोठवून वितळवलेल्या पेशी जिवंत! आनंदीआनंद. ताजे साखरेचे द्रावण केले, तर पुन्हा अपयश. आता जुन्या बाटलीत घोटभरच शिल्लक. ते थेंब रसायनशाळेत तपासायला दिले, तेव्हा कळले की त्यात साखर नावालाही नाही. आहे ते ग्लिसरीन आणि अंड्यातला बलक नव्हे, पांढरा भाग. सूक्ष्मदर्शकाच्या काचा तयार करण्यासाठी वापरतात ते मिश्रण! थंडघरात असताना बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या होत्या. ज्याने त्या अदलाबदल केल्या त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला मी अशा गोष्टीवरून दोनदा रागावलो आहे. आता रागावणार नाही.

हे निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध झाले. ग्लिसरीन काय करते? पाणी गोठू लागले की पेशीभोवतीचे क्षार उरल्यासुरल्या पाण्यात एकवटतात आणि पेशीला जाळतात. ग्लिसरीन पाण्याला एकदम बर्फ होऊ देत नाही आणि क्षारांचा हा मारा सौम्य करते. पुढे जेम्स लव्हलॉक यांनी ही उकल केली, आणि १९५९ साली त्यांनी व बिशप यांनी ‘डी.एम.एस.ओ.’ हे ग्लिसरीनपेक्षा चपळाईने पेशीत शिरणारे द्रव्य दाखवून दिले. आज मज्जेच्या आणि नाळेच्या पेशी गोठवतात त्या यातच.

या विद्येचा प्रसाद खेड्यातल्या माणसाने पाहिलेला आहे, फक्त त्याला ओळख नाही. गाय माजावर आली की पशुवैद्य फटफटीवरून येतो. मागे एक बुटके, जाड बुडाचे पात्र बांधलेले असते. झाकण काढले की आतून पांढरी वाफ उसळते आणि पोरे मागे सरतात. ते द्रव नायट्रोजन; शून्याखाली १९६ अंश. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि गोठवलेल्या वीर्याने संकरित गाई गावोगाव पोहोचवल्या. नाळेचे रक्त ‘एकवीस वर्षे’ ठेवण्याची भाषा तो टायवाला तरुण करीत होता, ते ठेवणार याच द्रवात. आमच्या गोठ्यातली जर्सी आणि त्याची ती गुळगुळीत पुस्तिका ही, शास्त्राच्या दृष्टीने पाहू जाता, सख्खी भावंडे.

कोंबड्यावरून माणसावर यायला फार काळ लागला नाही. ऑड्री स्मिथबाईंनी १९५० साली तांबड्या पेशी ग्लिसरीनमध्ये गोठवून वाचवल्या. १९५१ साली मॉलिसन आणि स्लोव्हिटर यांनी अशा गोठवून वितळवलेल्या पेशी माणसाला यशस्वी रीतीने चढवल्या. दीड महिन्याची मुदत वर्षांवर गेली. मात्र खर्च आणि खटाटोप फार. वितळवल्यावर ग्लिसरीन धुऊन काढावे लागते. म्हणून साधे रक्त कोणी असे ठेवीत नाही. ठेवतात ते दुर्मिळ रक्त.

आणि दुर्मिळ रक्ताची गोष्ट निघाली की मुंबईचे नाव आलेच. १९५२ साली परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी, विलायतेतल्या संशोधकांच्या साहाय्याने, ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण छापले. त्यांना तीन माणसे अशी सापडली होती, की ज्यांचे रक्त वरवर ‘ओ’ गटाचे दिसे, पण प्रत्यक्ष ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. ज्याला आपण सर्वांना चालणारा दाता म्हणतो, त्या ‘ओ’चे रक्तही त्यांच्या शरीराला परके. या गटाला जगाने ‘बॉम्बे’ हेच नाव दिले. शहराचे नाव बदलून मुंबई झाले. रक्तातले मात्र बदलले नाही. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा. युरोपात दहा लाखांत एक असे सांगतात. कोटणीस याच महाविद्यालयात शिकले होते, हे जाता जाता.

आता अशा माणसाची शस्त्रक्रिया ठरली तर? त्याला रक्त देणारा साऱ्या जिल्ह्यात एखादाच, आणि तो नेमका त्या दिवशी तापाने पडलेला असायचा. अशांच्या बाबतीत स्वतःचे रक्त आगाऊ काढून ठेवणे ही चैन नव्हे, तीच सरळ वाट. या गटाची माणसे आपापल्या याद्या करून एकमेकांना धरून राहतात. एकाला गरज पडली की दुसरा रात्रीच्या गाडीने निघतो. भेंड्यांच्या सोबतचे डॉ. भाटिया पुढे मुंबईच्या रक्तगट-संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. या सगळ्या वाचनात, ‘आपले रक्त आपल्यासाठी’ या कल्पनेला निखळ न्याय मिळालेला मला दिसला तो येथे.

बाकी जगाने ती कल्पना उचलली ती भीतीपोटी. एड्सचे नाव १९८२ नंतर कानावर येऊ लागले आणि अमेरिकेत दुसऱ्याच्या रक्ताची धास्ती बसली. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी लोक आपलेच रक्त काढून ठेवू लागले. या रक्तातले जवळजवळ निम्मे न वापरता फेकले गेले, आणि रक्त काढल्यामुळे माणूस टेबलावर जाण्याआधीच अशक्त होई तो वेगळाच. तपासण्या सुधारल्या तशी ही लाट ओसरली. त्या भीतीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या लहानपणी आण्णांची शस्त्रक्रिया झाली, त्या रुग्णालयाच्या फाटकाशी एक खप्पड गालांचा माणूस उभा असे. “बाटली पाहिजे काय?” असे तो हळूच विचारी. तो बाटली विकीत होता ती स्वतःच्या अंगातली. आमच्या काकांनी त्याच्याशी घासाघीस केलेली मला आठवते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १९९८ च्या जानेवारीपासून रक्त विकणे बंद झाले. तो माणूस त्यानंतर कशावर जगला असेल, कोण जाणे.

येथवर झाली ती तांबड्या पेशींची हकीकत. या पेशीला केंद्रच नसते. ती एकशेवीस दिवस राबते आणि मरते, मागे संतान ठेवीत नाही. तिला साठवणे म्हणजे धान्य दळून पीठ साठवणे. बियाणे साठवावयाचे तर मज्जेत शिरले पाहिजे.

अणुबाँबनंतर शास्त्रज्ञांना किरणांनी जळालेल्या मज्जेची काळजी लागली होती. १९५५ साली बार्न्स आणि लौटिट यांनी दाखवले की, उंदरांच्या प्लीहेतल्या पेशी पोल्जच्या रीतीने गोठवून ठेवल्या आणि मग किरणांनी मरणपंथाला लागलेल्या उंदरांना दिल्या, तर उंदीर वाचतात. १९५८ साली अमेरिकेत कुर्निक यांनी माणसाची स्वतःची मज्जा साठवून, किरणोपचारानंतर त्यालाच परत दिली. १९५९ साली बॉस्टनच्या मॅकगव्हर्न यांनी रक्ताच्या कर्करोगात थोडी उसंत मिळाली असतानाची मज्जा काढून ठेवली, आणि रोग उलटल्यावर ती वापरून पाहिली. आपल्या चांगल्या दिवसांतले रक्तबीज वाईट दिवसांसाठी ठेवण्याचा हा पहिला धीट प्रयत्न. यश बेताचेच.

रक्तबीज हा शब्द माझ्या लेखणीतून आपसूक उतरला. नवरात्रात आमची आजी देवीची पोथी वाची; त्या असुराच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की त्यातून दुसरा असुर उभा. १९६१ साली कॅनडात टिल आणि मॅकलॉक यांना उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. मोजून पाहता, टोचलेल्या मज्जापेशी जितक्या जास्त तितक्या गाठी जास्त. आणि एकेक गाठ एकेका पेशीचे बिऱ्हाड आहे असे ठरले. जी एक पेशी तांबड्या, पांढऱ्या आणि बिंबिका अशी सगळी प्रजा उभी करते, ती मूळपेशी. आजीचा असुर प्रयोगशाळेत सापडला; फक्त या खेपेस तो देवीच्या पक्षाचा होता.

१९७८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात गोल्डमन आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक पाऊल टाकले. मंदगतीने चालणाऱ्या रक्तकर्करोगाच्या रोग्यांच्या रक्तातल्याच पेशी, रोग अजून शांत असताना, काढून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या; रोगाने उग्र रूप धरल्यावर औषधांनी मज्जा मोकळी करून त्या परत दिल्या. रोग बरा झाला नाही. तो आपल्या पूर्वीच्या शांत रूपात परतला. थोडे महिने विकत घेतले, एवढेच. पण मज्जेसाठी हाड न टोचता दंडाच्या शिरेतूनही बियाणे मिळते, हे त्यातून ठसले. आज अनेक कर्करोगांत स्वतःच्याच पेशी अशा काढून, जबर औषधांनंतर परत देतात; हा आता रोजचा उपचार आहे. आपल्याकडे मज्जेचे पहिले रोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. बालपणी पोलिओ झालेला हा माणूस चाकाच्या खुर्चीतून हे करीत होता.

आता येतो तो १९८८ चा ऑक्टोबर महिना, आणि शालूचा प्रश्न.

टायवाल्या तरुणाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर पॅरिसची कथा होती. फँकोनी नावाच्या जन्मजात रोगाने मज्जा आटत चाललेला एक पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमनबाईंनी त्याला नाळेतले रक्त दिले आणि तो जगला. अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर यांनी त्या रक्तातल्या मूळपेशी मोजून, गोठवून ठेवल्या होत्या. सगळे खरे. पुस्तिकेने एकच गोष्ट बारीक अक्षरांतसुद्धा छापली नव्हती. ते रक्त त्या मुलाच्या नाळेतले नव्हते. ते त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचे होते!

आणि त्याचे स्वतःचे असते तर काडीचा उपयोग नव्हता. दोष जन्माचाच, जो हाडात तोच नाळेत. थॅलेसेमियाचे तेच, आणि आपल्या विदर्भात घरोघर दुःख पेरणाऱ्या सिकलसेलचे तेच. बालपणीच्या रक्तकर्करोगाची बीजेही पुष्कळदा जन्माआधीच पडलेली असतात असे आढळले आहे. मग ठेवीतले रक्त नितळ असेल याची हमी कोणी द्यावी? जी ठेव तुझी म्हणून विकली जाते, ती उपयोगी पडते बहुधा दुसऱ्याला. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली नाळरक्ताची सार्वजनिक पेढी निघाली ती हेच ओळखून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःच्या वापरासाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असे स्पष्टच म्हटले. अपवाद ठेवला तो घरात आजारी भावंड असलेल्यांचा.

अर्थात शास्त्र एका जागी बसत नाही. २०२३ च्या अखेरीस विलायतेत सिकलसेल व थॅलेसेमियावर, आणि अमेरिकेत सिकलसेलवर, एका उपचाराला मान्यता मिळाली; त्यात रोग्याच्याच मूळपेशी काढून, त्यांच्या जनुकांत दुरुस्ती करून परत देतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये पवईच्या आय.आय.टी.त राष्ट्रपतींच्या हस्ते एका उपचाराचे लोकार्पण झाले. तो तेथील संशोधकांनी टाटा रुग्णालयाबरोबर सिद्ध केला, आणि त्यात रोग्याच्या पांढऱ्या पेशींना कर्करोग ओळखायला शिकवून परत पाठवतात. आपलेच रक्त आपले औषध, हे स्वप्न खोटे नाही. पण या दोन्ही ठिकाणी पेशी गरज पडेल तेव्हा रोग्याच्या शिरेतून काढतात. त्यासाठी जन्माच्या दिवशी हप्ता सुरू करावा लागत नाही. आणि जनुकदुरुस्तीची किंमत वाचून मी ते पान मिटले. आमच्यासारख्यांनी ती वाचू नये.

हे सारे मी शालूला आणि दाजींना सांगितले. सांगताना पोल्जच्या कोंबड्यावर जरा जास्तच रेंगाळलो, तेव्हा शालू म्हणाली, “दादा, आमच्यापुरते बोल.”

आमच्यापुरते असे होते: येणाऱ्या बाळाचे रक्त बाळासाठी ठेवण्यात अर्थ नव्हता, ओंकारसाठी ठेवण्यात होता. सख्ख्या भावंडांची पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. त्यांच्या शब्दावर एका पेढीने, घरात आजारी भावंड म्हणून, फी घेतली नाही. ती त्या तरुणाची पेढी नव्हती.

कार्तिकात, पहाटे चारच्या सुमारास, शालूला मुलगी झाली. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून वारेकडचे रक्त एका पिशवीत उतरवले. पाच मिनिटांचे काम, आईला त्याचा पत्ताही नाही. जेमतेम सत्तर मिलिलिटर. चहाचा एक कप. दाजी ती पेटी मांडीवर धरून पुण्याच्या गाडीत बसले. खिडकीतून त्यांनी मला हात केला तो एकच, दुसरा पेटीवर होता. आठव्या दिवशी बाळाच्या बेंबीचा देठ गळून पडला, तो आईने परसात शेवग्याखाली पुरला. माझा आणि शालूचाही तेथेच आहे.

जुळणीचा कागद महिन्याने आला. निम्मी जुळली होती. निम्मी पुरत नाही असे नाही, पण त्यात धोका फार, आणि डॉक्टरांनी आत्ता थांबावे असे सांगितले. शालू दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ओंकारची तारीख होती. ती उठली, डबा भरला, बाळाला माझ्या आईकडे दिले आणि पहिल्या एस.टी.ने गेली.

ती पिशवी अजून पुण्यात आहे. दुसऱ्या कोणाला द्यावयाची तर आमची सही लागेल, असे पत्र गेल्या महिन्यात आले आहे. दाजी सही करू म्हणतात. शालू म्हणते, थोडे थांबा. मी काहीच म्हणत नाही. मी माझ्यापुरते दर चार महिन्यांनी रक्त देऊन येतो. माझा गट ‘बी’, ओंकारचा ‘ओ’, त्यामुळे माझे त्याला चालत नाही, कोणाला तरी चालते.

यंदा त्याची तारीख नेमकी वसुबारसेला आली आहे. गोठ्यात जर्सीची पूजा पहाटेच उरकून सहाच्या गाडीने निघावयाचे, असे ठरले आहे.